पानावर आडवा हात

शेजवळ मॅडम गेल्याची बातमी शाळेच्या ग्रुपवर आली, तेव्हा मी अंबरनाथ स्टेशनबाहेर शेअर रिक्षा भरायची वाट बघत बसलो होतो. रिक्षा भरेपर्यंत ग्रुपही भरला. ‘सो सॅड’, ‘व्हेरी सॅड’, ‘सॅड न्यूज’, मध्ये एक रडका चेहरा, जोडलेले हात, परत ‘सॅड’. मॅडम असत्या तर त्यांनी पिशवीतून लाल पेन काढून एकेकाला उभं केलं असतं. “सॅड म्हणजे नेमकं काय झालं तुला? जेवण गेलं नाही? झोप आली नाही? की नुसताच अंगठा चालवलास?”

सगळ्यात खाली मुख्याध्यापकांचा मेसेज होता. ‘भोईर सर, श्रद्धांजलीचं तुम्हीच लिहा. तुमचे शब्द छान असतात.’

तेच तर दुखणं आहे. शाळेत मी विज्ञान शिकवतो, पण बदलापूरपासून अंबरनाथपर्यंत लोक मला ओळखतात ते सूत्रसंचालक म्हणून. गॅदरिंग असो, सत्कार असो, कुणाची दशक्रिया असो, माईक दिसला की लोक मला शोधतात. कुठल्याही प्रसंगाला मी दोन मिनिटांत गुळगुळीत करून देतो. शेजवळ मॅडमबद्दल तसं लिहायचं नाही, एवढं मी त्या रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं. ग्रुपवर मी दोन ओळी टाकल्या. बाकीचं हे इथे लिहितोय.

मॅडम इंग्रजी शिकवायच्या. उंची बेताची, अंगावर सुती साडी, चालताना डावा पाय किंचित ओढायच्या. खडू त्यांच्याकडे चष्म्याच्या जुन्या डबीत असायचे आणि ती डबी उघडताना टक् असा आवाज व्हायचा, तो ऐकून वर्ग गप्प व्हायचा. राहायला उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. घराच्या खालच्या गाळ्यात जीन्सचा कारखाना होता. दिवसभर मशिनं चालायची, त्यामुळे मॅडमना मोठ्याने बोलायची सवय लागली होती. स्टाफरूममध्ये त्या कुणाच्या कानात काही सांगायला वाकल्या, की ते बाहेर पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू जायचं.

त्यांना ‘कशा आहात?’ असं सहज विचारायची सोय नव्हती. ‘ठीक’ हा शब्द त्यांना चालत नसे. “डावा गुडघा आणि धाकटा भाऊ सोडला तर बरी आहे,” असं उत्तर यायचं. किंवा, “सकाळपासून आईने तीनदा शिव्या दिल्या. म्हणजे तिचं बरं चाललंय.” नवीन आलेले शिक्षक दचकायचे. आम्ही जुने लोक विचारायचंच टाळायचो.

माझी प्रयोगशाळा आणि त्यांचा आठवीचा वर्ग यांच्यामध्ये फक्त प्लायवूडची भिंत होती. माझ्या पोरांनी आम्ल-आम्लारी जेवढं ऐकलं, तेवढंच पलीकडचं इंग्रजी ऐकलं. मीही ऐकलं. एकदा एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, आजी वारली, आय वॉज व्हेरी सॅड. डबी टक् वाजली.

“आजी गेली त्या दिवशी तू काय केलंस?”

“काही नाही, मॅडम.”

“काही नाही कसं? दिवसभर श्वास तरी घेतलास ना?”

वर्ग हसला. मग ती मुलगी म्हणाली, “तिच्या गोधडीत शिरून बसले. तपकिरीचा वास येत होता.”

“हे लिही की मग! सॅड लिहायला आजी कशाला लागते? बस चुकली तरी माणसं सॅड लिहितात.”

आणि मग मॅडम त्या शब्दाच्या मागे लागल्या. आठवडाभर. मॅडमची ही खोडच होती. एखादा शब्द हाती लागला, की तो कुठून आला, वाटेत कुणाकडे राहिला, कशाने बदलला, हे सगळं त्या नवीन बिऱ्हाडाची चौकशी करावी तसं शोधून काढायच्या.

“हजारेक वर्षांपूर्वी इंग्रज हा शब्द जेवताना वापरायचा,” पलीकडून आवाज आला. “रडताना नाही. पंगतीत वाढपी भाताची बादली घेऊन पुन्हा आला, की आपण काय करतो? करून दाखवा.” बाकांवर हात आपटल्याचे आवाज झाले. “हां. पानावर आडवा धरलेला तो हात म्हणजे सॅड. भरलं, पुरे. जर्मन माणूस आजही पोट भरलं की ह्याच्याच चुलतभावाचं नाव घेतो. लॅटिनमध्ये ‘पुरे’ला जो शब्द आहे, तोही त्याच घरातला. त्याच्याकडून सॅटिस्फाय आला. एक भाऊ सुखी निघाला, एक दुःखी. घराघरांत असतंच ते.”

“पण मॅडम, पोट भरल्यावर दुःख का होईल?”

“लगेच नाही होत. आधी जड होतं. म्हणून शब्द जड झाला. न फुगलेला पाव तिकडे सॅड. आपली कोळशाची इस्त्री आतून पोकळ असते. त्यांच्याकडे भरीव लोखंडाची होती, चुलीवर तापवायची, तिचं नावच सॅड आयर्न. जड वस्तू हलत नाही, म्हणून मग जो माणूस जागचा हलत नाही, गंभीर, भरवशाचा, तो सॅड. गडद मंद रंग, तोही सॅड. आणि दुसरीकडे, पुरे झालं, खूप झालं, दमलो, अशा वाटेने तो दुःखापर्यंत आला.”

“मग खरा अर्थ कुठला?”

“कॅम्प तीनला रिक्षात चौघं बसतात. वाटेत एक उतरतो, दुसरा चढतो. अंबरनाथला पोचते तेव्हा आतली माणसं वेगळी असतात. रिक्षा तीच. आता खरा पॅसेंजर कोण, ते तू सांग.”

मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून विचारलं, की एका विशेषणाला आठवडा दिला तर पोर्शन कसा होणार? मॅडम म्हणाल्या, “होतो सर. बाकीची विशेषणं हलकी आहेत.”

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो होतो, म्हणून मला तो तास लक्षात राहिला असेल. त्या एक दिवस रजेवर होत्या आणि तपासायचे पेपर पोचवायचे होते. जिना चढताना खालच्या गाळ्यात धागे कापत बसलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, “मॅडम के यहाँ? ऊपर जाओ, आवाज आ जाएगी.” खरंच आली.

“कोण आलंय गं?” आतल्या खोलीतून.

“शाळेतले भोईर सर आहेत, आई.”

“मास्तर? मग उभं का ठेवलंस त्यांना? बसव. आणि मला कुशीवर कर.”

मॅडमची आई अर्धांगवायूने कितीतरी वर्षं अंथरुणावर होती. जीभ तेवढी शाबूत. मॅडम तिला कुशीवर करून आल्या आणि चहा ओतला. कप उचलला तेवढ्यात, “शोभे, पाणी.” गेल्या, आल्या. “शोभे, पंखा कमी कर.” गेल्या, आल्या. “शोभे, आता उकडतंय.” माझा चहा पिऊन झाला. त्यांच्या कपावर जाड साय धरली होती. त्यांनी ती बोटाने बाजूला केली आणि तो गार चहा औषध घेतात तसा एका दमात घेतला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “भाऊ येतात का बदलापूरहून?”

“येतो ना. रविवारी, फळं घेऊन. आईला दात नाहीत, हा पेरू आणतो.”

“माझ्या पोराला नावं ठेवू नकोस,” आतून आवाज. “त्याला संसार आहे.”

“हो आई. मला नाही.” हजेरी घ्यावी तसं त्या म्हणाल्या. त्यात कडूपणा नव्हता. कडूपणालाही थोडी ताकद लागते.

मला सोडायला जिन्यापर्यंत आल्या तेव्हा म्हणाल्या, “आई वाईट नाही हां, सर. ह्याच कॅम्पात घरोघरचे कपडे आणून इस्त्री केली तिने आयुष्यभर. माझं एम.ए. तिच्या मनगटावर झालंय.” तेवढ्यात हाक आली, आणि त्या वळल्या.

पुढे दोनेक वर्षांनी आई गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या बिल्डिंगखालीच होता. गाळेवाल्याने मशिनं बंद ठेवली होती, आणि ती शांतता सगळ्यांना चमत्कारिक वाटत होती. पांढऱ्या चादरीवर आईचा फोटो, मेणबत्त्या, फुलं. बुद्धवंदना झाली आणि मग आदरांजलीची भाषणं सुरू झाली. माईक अर्थात माझ्या हातात. भाऊ अशोक यांनीच सकाळी फोन केला होता, “सर, तुम्ही सांभाळून घ्या.” मी सांभाळत होतो. त्या माउलीचे कष्ट, इस्त्रीचे निखारे, लेकराच्या आयुष्यात पडलेला उजेड. भाच्या रडत होत्या. शेवटी, घरच्यांच्या वतीने दोन शब्द बोलायला मी मॅडमना बोलावलं.

त्यांना माईकची गरज नव्हती, तरी त्यांनी घेतला.

“सगळे आईबद्दल चांगलं बोलले. ते खरं आहे. मला एकच सांगायचंय. मी दमले होते. गेली काही वर्षं रोज उठल्यावर मला वाटायचं, आता पुरे. आई पहाटे गेली. मी तिचे डोळे मिटले, आणि आधी चहा केला. माझ्यापुरता. खिडकीत बसून तो सगळा गरम असताना प्यायले. मग तुम्हाला सगळ्यांना फोन केले.”

कुणीतरी खोकलं. अशोक अर्धवट उठले. त्यांचा चेहरा मी आजही सांगू शकतो. मॅडमची मावशी तोंडाला पदर लावून बाजूच्या बाईकडे बघायला लागली. आणि मी, ज्याला अशा वेळी काय करायचं हे पाठ आहे, पुढे झालो आणि मॅडमच्या हातातून हळूच माईक घेतला.

“मॅडम अत्यंत भावनाविवश झाल्या आहेत,” मी म्हणालो. “मंडळी, ज्या हातांनी वर्षानुवर्षं आईला सकाळचा पहिला चहा दिला, ते हात त्या पहाटेही नकळत चहाकडेच वळले. समोर आई नाही, हे हातांना कुठे ठाऊक होतं?”

हुंदके फुटले. मावशी ओक्साबोक्शी रडायला लागली. अशोक यांनी येऊन मला मिठी मारली. “सर, रडवलंत.” मॅडम उभ्या होत्या तिथेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गातल्या हुशार मुलाने सोपं गणित चुकवल्यावर बघतात, तसं.

कामावर परत आल्यावर दोन-चार दिवस त्या माझ्याशी नेहमीसारख्याच वागल्या. मग एका दुपारी मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होतो, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“सर, माझं वाक्य छान इस्त्री करून दिलंत त्या दिवशी.”

मी नळ बंद केला. “मॅडम, लोक काय म्हणाले असते?”

“म्हणाले असते. मी ऐकून घेतलं असतं. आता मावशी सगळ्या नात्यात सांगत फिरते, शोभाने मेलेल्या आईसाठी चहा ठेवला. परवा एकीने माझ्या पायाला हात लावला.” त्या दारातून आत आल्या. “मी माझ्यासाठी ठेवला होता, सर. आईवर माझा जीव होता आणि मला पुरे झालं होतं. दोन्ही एका वेळी. कुणाच्या तरी तोंडावर एकदा हे बोलायचं होतं मला. बोललेही. तुम्ही परत घेतलंत.”

घंटा झाली. त्या वर्गावर गेल्या. भिंतीपलीकडे डबी टक् वाजली. माफी मागावी असं मला वाटलं, पण माझ्याकडे त्यासाठीही छानच वाक्यं होती. म्हणून गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं पुढे वर्षानुवर्षं टिकलं.

निवृत्तीच्या वेळी त्यांनी एकच अट घातली. निरोप समारंभाला माईक नको. त्यामुळे माझं काही कामच उरलं नाही. मी मागच्या रांगेत बसून बटाटेवडा खाल्ला. मॅडम उभ्या राहून म्हणाल्या, “मला ही शाळा आवडायची आणि हा जिना आवडत नसे,” आणि खाली बसल्या. सगळे हसले. मला वाटतं, ते वाक्य जसंच्या तसं राहिलं, याचा त्यांना आनंद झाला असावा.

मग माझी पाळी आली. आमच्या चामटोली गावातल्या घरात बाबा पडले आणि माकडहाड मोडून अंथरुणाला खिळले. शेतात राबलेला गडी, आवाज खणखणीत. “आरं रमेश, कुठं गेलास? पाय दाब.” “आलो, बाबा.” “आरं, कवाची हाक मारतंय मी.” बायको सकाळची बाजू बघायची, मी शाळेतून आल्यावरची. शेजारीपाजारी माझं कौतुक करायचे. मीही तसा चेहरा ठेवायचो. आतून मी बाबांच्या श्वासाचा आवाज ऐकत पडायचो, आणि तो जरा अडखळला की मला जे वाटायचं ती नुसती भीती नव्हती. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तीही मला काही सांगत नसणार.

एक दिवस मी मॅडमना फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. हवापाण्याचं बोललो, त्यांच्या गुडघ्याचं बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चहा गरम पिता का हल्ली?”

“नाही, मॅडम.”

“प्या. त्यासाठी कुणी जायची वाट बघू नका. मी बघितली.”

मी फोन हातात धरून ओट्याशी उभा राहिलो. आतून हाक आली. मी म्हणालो, “थांबा बाबा, चहा घेतो.” आतली खाट करकरली. मग बाबा म्हणाले, “घे, घे. मना बी दे वाईच.”

बाबा गेले ते दिवाळीनंतर. तेराव्याला अंगणात मांडव घातला. महाराजांचं प्रवचन झालं, पुढाऱ्यांची भाषणं झाली आणि घरच्यांच्या वतीने मी उभा राहिलो. बायकांच्या बाजूला, मागे, खांबाला टेकून शेजवळ मॅडम बसल्या होत्या. उल्हासनगरहून दोन रिक्षा बदलून आल्या होत्या. त्यांना बघून वाटलं, आज सांगावं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हे: “बाबांच्या सेवेत दिवस कसे सरले, कळलंच नाही.”

माना डोलल्या. मॅडमनी मान डोलावली नाही. त्या खाली बघत होत्या.

मग पंगत बसली. घरचा माणूस म्हणून मी भाताची बादली घेतली. वालाचं बिरडं, वरण, बुंदी. वाढत वाढत बायकांच्या रांगेत आलो. मॅडमच्या शेजारी माझी ठकूआत्या बसली होती, बाबांची सख्खी बहीण, जिच्या तोंडाला सगळं गाव भितं. मी मॅडमच्या पानासमोर वाकलो, आणि वाकलेलाच राहिलो.

“मॅडम, मी मघाशी खोटं बोललो. दिवस कसे सरले कळलं नाही, असं नाही. मिनिट न् मिनिट कळलं. मी दमलो होतो. मला पुरे झालं होतं.”

आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. ठकूआत्याचा घास हातातच राहिला. तिने वर बघितलं. जिभेवर लगेच एक वाक्य तयार झालं, आत्या, म्हणजे मला असं म्हणायचंय की. ते मी गिळलं. कसं गिळलं ते मलाच ठाऊक. मॅडमनी बिरड्यातला एक वाल उचलून तोंडात टाकला. त्या मला सोडवणार नव्हत्या.

समोर ठकूआत्या. भावाच्या तेराव्याला बसलेली बाई. मग तिने घास तोंडात घातला, चावला, आणि पान पुढे सरकवलं.

“मना ठाव हाय,” ती म्हणाली. “भात घाल.”

मी घातला. मॅडमनाही घातला. त्या दिवशी मॅडम जेवल्या, तसं जेवताना मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. शाळेत डब्यातली अर्धी भाकरी उभ्याउभ्या खायच्या, कान फोनकडे. इथे मांडी घालून बसल्या होत्या, बिरडं मागून घेत होत्या, आत्याला विचारत होत्या की वाल सोलायला किती जणी बसल्या होत्या. आत्याही सांगत होती. कुणी त्यांना हाक मारत नव्हतं.

त्यानंतर त्या पुण्याला भाचीकडे राहायला गेल्या. मी जाईन जाईन म्हणत राहिलो, आणि गेलो नाही. त्यामुळे माझ्यापुरत्या त्या अजून तिथेच आहेत, चामटोलीच्या अंगणात, पत्रावळीसमोर. मी तिसऱ्यांदा बादली घेऊन आलो आणि आग्रह करणार, तेवढ्यात त्यांनी हात पानावर आडवा धरला. खडूने कोरडी पडलेली बोटं, नखाशी पिवळं वरण. चेहरा शांत, थोडा जड.

मी पुढच्या पानाकडे गेलो.